सांगाड्याला साजेसे इंजिन

मोटारगाडी ही कारखान्यातून पूर्ण तयार होऊनच बाहेर पडावयाची वस्तू आहे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे, आणि आपल्या नित्याच्या अनुभवास धरून ती योग्यही आहे. परंतु इंग्लंडात गेली सत्तर-पाऊणशे वर्षे याहून वेगळी अशी एक प्रथा चालत आलेली आहे. तेथील एखादा लहानसा कारखाना पोलादी नळ्या जोडून तयार केलेला सांगाडा, त्यावर बसावयाचे पत्र्याचे अथवा काचतंतूचे कवच आणि काही किरकोळ भाग एवढेच गिऱ्हाइकास विकतो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, स्टिअरिंग ही सामग्री गिऱ्हाइकाने एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीतून काढून आणावयाची आणि सुटीच्या दिवशी घरच्या गॅरेजात बसून आपली गाडी आपण जोडावयाची. अशा गाडीस तिकडे ‘किट कार’ म्हणतात. आपण तिला सुट्या भागांची मोटार म्हणू.

ही मोटार जोडणाऱ्या माणसापुढे पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो तो इंजिनाचा. नवशिक्या मनुष्य हा प्रश्न बहुधा असा विचारतो, की आपल्या पैशांत सर्वांत जोरदार इंजिन कोणते मिळेल? वास्तविक त्याने विचारावयास हवे ते असे, की हा सांगाडा कोणते इंजिन पेलू शकेल? या दोन प्रश्नांत वरवर पाहता फारसे अंतर दिसत नाही. परंतु पहिल्या प्रश्नाच्या मागे लागलेल्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षे गॅरेजात अर्धवट पडून राहतात आणि अखेर मिळेल त्या किमतीस विकल्या जातात. ज्या कशाबशा पुऱ्या होतात त्यांतील काही चालविणाऱ्याच्या जिवावर बेततात. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण या व्यवहारास अक्षरशः लागू पडते.

या प्रथेचा इतिहास पाहिला म्हणजे हे तत्त्व चांगले ध्यानात येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाचे शास्त्र शिकलेल्या कॉलिन चॅपमन या तरुणाने लोटस या नावाने १९५२ मध्ये ‘मार्क सिक्स’ नावाची गाडी सुट्या भागांत विकण्यास आरंभ केला. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर द्यावा लागे. सुट्या भागांवर तो पडत नसे. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या मनुष्यालाही शर्यतीच्या जातीची गाडी बाळगता येऊ लागली. चॅपमनने बारीक नळ्या त्रिकोणात्रिकोणांनी जोडून सांगाडा असा बनविला, की तो वजनाला हलका असूनही मुरगळत नसे. त्यात पुष्कळांनी बसविले ते फोर्डच्या सामान्य गाडीतील ११७२ घन सेंटीमीटरचे, जुन्या पद्धतीचे, झडपा बाजूस असलेले इंजिन. याच परंपरेतील ‘लोटस सेव्हन’ ही गाडी १९५७ मध्ये आली, तेव्हा तिच्यातही प्रथम हेच इंजिन होते. त्याची शक्ती जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या घरातली.

चाळीस अश्वशक्ती हा आकडा ऐकून हसू येण्याचा संभव आहे. परंतु त्या गाडीचे वजन सुमारे साडेचारशे किलोच होते. चाळीसला वजनाने भागले तर दर टनास सुमारे ८९ अश्वशक्ती पडते. म्हणजे एक टन वजनाच्या गाडीला हीच चपळाई आणावयाची तर तिच्यात ८९ अश्वशक्तीचे इंजिन हवे. इंजिनाची शक्ती एकटी कधीही पाहू नये. ती ज्या वजनास ओढते त्याच्याशी ताडून पाहावी, हा या विषयातील पहिला धडा होय. १९५८ मध्ये याच गाडीच्या ‘सुपर सेव्हन’ या प्रकारात कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचे १०९८ घन सेंटीमीटरचे, सुमारे ७५ अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले. हे इंजिन ज्या घराण्यातले, त्याचा मूळ पुरुष आग विझविण्याच्या पंपासाठी जन्मास आला होता. पंप माणसांनी उचलून न्यावयाचा, म्हणून त्याचे इंजिन ॲल्युमिनियमचे आणि शक्य तितके हलके केलेले. जो गुण अग्निशामक दलास हवा होता, नेमका तोच हलक्या मोटारीसही हवा होता. सेव्हन बनविण्याचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम कंपनीकडे गेले. त्या कंपनीने २०१३ मध्ये काढलेल्या ‘१६०’ या गाडीत तर सुझुकीचे अवघे ६६० घन सेंटीमीटरचे, तीन सिलिंडरांचे, ८० अश्वशक्तीचे इंजिन बसविले. गाडीचे वजन ४९० किलो. हिशेब केला तर दर टनास १६३ अश्वशक्ती येते. तेराशे किलोच्या नेहमीच्या गाडीत हे प्रमाण साधावयाचे, तर दोनशे दहांहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन लागेल.

आता कोणी म्हणेल, की हलक्या सांगाड्यात मोठे आणि जड इंजिन घातले तर हे प्रमाण आणखी वाढणार नाही काय? वाढेल; परंतु वजन कोठे पडते हाही प्रश्न आहे. एक साधे उदाहरण घेऊ. गाडी पाचशे किलोची आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २२५ सेंटीमीटर आहे आणि भार दोन्हीकडे सारखा, म्हणजे अडीचशे-अडीचशे किलो, वाटला गेला आहे. मालकाने मूळच्या इंजिनाऐवजी त्याहून ८० किलोंनी जड इंजिन आणले आणि ते पुढच्या आसाच्या ४० सेंटीमीटर मागे बसविले. तरफेच्या नियमाने या जादा ८० किलोंपैकी सुमारे ६६ किलो पुढच्या चाकांवर आणि अवघे १४ किलो मागच्या चाकांवर पडतील. पुढे ३१६ आणि मागे २६४ अशी वाटणी झाली. पुढच्या स्प्रिंगा अडीचशे किलोंच्या बेताने निवडलेल्या; त्या आता दबून बसतील. वळणावर गाडीचे नाक वळण्याऐवजी सरळच जाऊ पाहील, स्टिअरिंग जड होईल, आणि जोराने ब्रेक दाबल्यावर पुढच्या ब्रेकांवर पूर्वी कधी पडला नव्हता एवढा ताण येईल. सरळ रस्त्यावर जी गाडी वाऱ्याशी स्पर्धा करील, तीच घाटात मालकाची परीक्षा पाहील.

सांगाड्याचा विचार न करता इंजिन वाढवीत गेल्यास शेवटी सांगाडाच बदलावा लागतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘कोब्रा’ गाडी. इंग्लंडातील ए. सी. कंपनीच्या ‘एस’ या गाडीत ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन बसत असे. त्याचे उत्पादन १९६१ मध्ये थांबले, तेव्हा अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बी याने त्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन घालण्याची कल्पना मांडली आणि १९६२ मध्ये ती अमलात आली. ते इंजिन ४.२ लिटरचे असले तरी फोर्डने त्याचे ओतकाम पातळ भिंतींचे करून ते आकाराने आटोपशीर आणि वजनाने बेताचे ठेवले होते; म्हणूनच ते त्या सांगाड्यात, बाकीची मजबुती करून, बसू शकले. पुढे शर्यतींच्या चढाओढीत सात लिटरचे इंजिन घालण्याचे ठरले. तेव्हा मात्र जुना सांगाडा पुरेना. १९६५ मध्ये मुख्य नळ्या तीन इंचांच्या चार इंची कराव्या लागल्या, आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगा काढून वेटोळ्यांच्या स्प्रिंगा घालाव्या लागल्या आणि कवचही रुंद करावे लागले. नाव तेच राहिले. पण गाडी दुसरी झाली. ज्याच्यामागे कारखाना आहे त्याला हे परवडते. घरी गाडी जोडणाऱ्या गृहस्थास ते परवडत नाही.

याउलट मोठे इंजिन म्हणजे जड इंजिनच, असेही समजू नये. अमेरिकेतील ब्यूक गाड्यांकरिता १९६१ च्या सुमारास साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे इंजिन निघाले होते. ते तेथे फार काळ टिकले नाही. इंग्लंडातील रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि १९६७ पासून ते आपल्या गाड्यांत घालण्यास सुरुवात केली. पुढे १९७३ मध्ये ते एम. जी. बी. या लहान गाडीतही बसले. कारण तिच्या मूळच्या चार सिलिंडरांच्या बिडाच्या इंजिनाहून त्याचे वजन जास्त भरत नव्हते. सुट्या भागांच्या मोटारी जोडणाऱ्यांत हे रोव्हरचे इंजिन पुढे कित्येक वर्षे लोकप्रिय राहिले, ते या गुणामुळेच.

वजनाचा हिशेब जमला, की जागेचा प्रश्न येतो, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. इंजिनाची लांबी, रुंदी आणि उंची मोजून भागत नाही. त्याला ठिकठिकाणी फुटलेले अवयवही मोजावे लागतात. इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते. त्याचा खोलगट भाग काही इंजिनांत पुढे, तर काहींत मागे असतो. तो जर नेमका पुढच्या आडव्या नळीवर अथवा स्टिअरिंगच्या यंत्रावर आला, तर ते भांडे कापून नव्याने घडवावे लागते. इंजिन जमिनीपासून किती उंच राहील हेही यावरच ठरते. बुटक्या गाडीतील लोंबते तेलपात्र पहिल्याच धोंड्यावर फुटावयाचे. फोर्डचे ‘पिंटो’ नावाने ओळखले जाणारे इंजिन स्वस्त आणि दणकट खरे, परंतु ते उंच असल्याने सेव्हनसारख्या बुटक्या गाडीत बसविताना खालचे भांडे आखूड करावे लागते किंवा वरच्या झाकणाला उंचवटा काढावा लागतो. धुराची नळी कोणत्या बाजूने निघते हेही आधी पाहावे. ती स्टिअरिंगच्या दांड्याच्याच बाजूस आली, तर दोघांना एकाच चिंचोळ्या जागेत नांदावे लागते. जाणते कारागीर यासाठी एक सोपी युक्ती योजतात. चांगले इंजिन विकत घेण्यापूर्वी ते त्याच जातीचा मोडका, रिकामा ठोकळा आणि गिअरबॉक्सचे रिकामे कवच मिळवितात, दोन्ही एकत्र जोडून सांगाड्यात उतरवून पाहतात आणि मगच खिशात हात घालतात.

इंजिन जागेवर बसले तरी ते एकटे काहीच करू शकत नाही. त्याची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, मधला दांडा आणि मागचा आस या क्रमाने चाकांपर्यंत पोचते. यांपैकी प्रत्येकाने त्या इंजिनाचा पीळ सोसला पाहिजे. इंजिनावरचे भोकांचे वर्तुळ आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरचे वर्तुळ एकमेकांशी जुळले पाहिजे. न जुळल्यास मध्ये वेगळे घडविलेले कवच घालावे लागते आणि दोघांचे मध्यबिंदू केसाइतकेही सरकून चालत नाहीत. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून जोडीनेच घ्यावीत, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो.

आसाच्या गुणोत्तराकडे तर अवश्य लक्ष द्यावे. समजा, चाक एका फेऱ्यात १.८ मीटर जाते आणि आसाचे गुणोत्तर ४ आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाकाचे मिनिटास सुमारे ९२६ फेरे होतात आणि शेवटच्या सरळ गिअरात इंजिनाचे सुमारे ३,७०० फेरे होतात. त्या गिअरबॉक्समध्ये ०.८ गुणोत्तराचा पाचवा गिअर असेल, तर हेच फेरे तीन हजारांच्याही खाली येतात. इंजिन कमी फेऱ्यांवर भरपूर रेटा देणारे असेल तर हा पाचवा गिअर सुखाचा होतो. पण ज्याची शक्ती सहा-सात हजार फेऱ्यांवरच जागी होते, त्याला तो पेलवत नाही. इंजिनाचा स्वभाव आणि आसाचे दात यांचे गोत्र जुळले पाहिजे, ते असे.

गेल्या काही दशकांत मोटारसायकलचे इंजिन वापरण्याची टूम निघाली आहे, तीतही हाच विचार लागू पडतो. हे इंजिन हलके असते, शक्ती पुष्कळ देते, आणि त्याचा गिअरबॉक्स पोटातच असतो. त्यामुळे वजन व जागा दोन्ही वाचतात. परंतु त्यात मागे जाण्याचा गिअर बहुधा नसतो. तो वेगळा बसवावा लागतो. त्याचा क्लच एक-दोन माणसांच्या दुचाकीसाठी केलेला. चारशे-साडेचारशे किलोची गाडी जागची हलविताना तो लवकर झिजतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे. वळण घेताना दुचाकी आत कलते, त्यामुळे तेल भांड्याच्या तळाशीच राहते. चारचाकी मात्र कलत नाही. तेल एका बाजूस लोटले जाते आणि पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा येते. तेवढ्या एका क्षणात धारवे जळून इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून भांड्यात आडपडदे घालणे आवश्यक ठरते.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवे बसविलेले असते आणि पुढची चाके फिरविते. अशी इंजिने मोडीच्या बाजारात विपुल मिळतात; परंतु मागची चाके फिरविणाऱ्या सांगाड्यात ती उभी करून बसवावी लागतात. मग पाण्याची वाट, जी पूर्वी बाजूस होती, ती चालकाच्या पायांपुढील भिंतीवर आदळते, आणि गिअरबॉक्सही दुसराच शोधावा लागतो. यामुळे इंग्लंडात अनेकांनी मझ्दाची ‘एमएक्स-५’ ही १९८९ पासून निघणारी गाडी पसंत केली आहे. तिचे इंजिन मुळातच उभे आणि मागची चाके फिरविणारे आहे. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, मधला दांडा आणि मागचे यंत्र हे सारे एकाच गाडीतून, एकमेकांशी आधीच जमलेले मिळते.

यानंतर राहतात त्या किरकोळ वाटणाऱ्या परंतु किरकोळ नसलेल्या बाबी. पेट्रोलच्या इंजिनात जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच कामी येतो. दुसरा तितकाच भाग धुरावाटे जातो आणि तिसरा पाण्यावाटे रेडिएटरकडे येतो. म्हणजे इंजिनाची शक्ती दुप्पट केली, तर पूर्ण जोरावर रेडिएटरचे कामही जवळजवळ दुप्पट होते. गाडीचे नाक लहान असेल तर तेवढी हवा येणार कोठून? शिवाय नव्या इंजिनांचा कारभार विजेच्या मेंदूकडे असतो. तो मेंदू, त्याच्या तारांची संपूर्ण जुडी आणि त्याला वार्ता पुरविणारी लहान लहान यंत्रे ही सर्व इंजिनासोबत आली नाहीत, तर उत्तम इंजिनही मुके होऊन बसते. अखेरीस कायदा आहे. ब्रिटनमध्ये अशा गाडीची रस्त्यावर येण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी होते. सध्याची पद्धत २००९ पासून चालू आहे. तीत धुराची मर्यादा इंजिन कोणत्या साली बनले त्यावर ठरते. यास्तव इंजिन घेताना त्याच्या जन्मवर्षाचा पुरावाही मागून घ्यावा लागतो.

आपल्या देशात ही प्रथा रुजलेली नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने नोंदलेल्या वाहनाच्या मूळ तपशिलात मनमानेल तसा फेरफार करण्यास बंदी आहे. तेव्हा घरची जुनी गाडी उकलून तिचे इंजिन बदलण्याचा मोह कोणी धरू नये. परंतु अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांकरिता स्वतः सांगाडे बनवून लहान शर्यती गाड्या जोडीत असतात, आणि त्यांच्यापुढे हाच प्रश्न येतो. ‘बाहा’ स्पर्धेत सर्व संघांना एकाच जातीचे इंजिन वापरावे लागे; तेथे सारी कसोटी सांगाड्याचीच असे. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या स्पर्धांत इंजिन निवडण्याची मुभा असते, आणि तेथे आपल्याकडील अनेक संघांनी पुण्याजवळ चाकण येथे बनणाऱ्या केटीएम दुचाकीचे ३७३ घन सेंटीमीटरचे, एकाच सिलिंडरचे इंजिन पसंत केले. त्याहून शक्तिमान इंजिने नियमांत बसत होती. परंतु हे हलके, आटोपशीर आणि ज्याचे सुटे भाग गावात मिळतात असे होते. या तरुणांनी निवडीचे तत्त्व बरोबर ओळखले, असेच म्हणावे लागेल.

सारांश, क्रम असा धरावा. प्रथम सांगाडा ज्याने घडविला त्याला विचारावे, की तो कोणत्या वजनासाठी आणि किती पिळासाठी आखला आहे. मग जागा मोजावी, मग गिअरबॉक्स व आस ठरवावा, मग ब्रेक, थंडावा आणि कायदा यांची सोय पाहावी. एवढ्या चाळण्यांतून जी दोन-तीन इंजिने खाली उतरतील, त्यांतून खुशाल सर्वांत जोरदार असेल ते निवडावे. शक्तीची हौस वाईट नाही. मात्र तिला शेवटचे मत असावे, पहिले नव्हे. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांच्या गाड्या रस्त्यावर धावताना दिसतात. ज्यांनी तो उलटा धरला त्यांची उत्तमोत्तम इंजिने गॅरेजाच्या कोपऱ्यात, कापडाखाली झाकलेली असतात.